हरलेल्यालाही पटावी अशी निवडणूक

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाला जो कागद सर्वांत जपून लिहावा लागतो, त्याला निवडणुकीचे काम करणारे आम्ही सगळे नुसते 'सतरा सी' म्हणतो. नोंदवलेल्या मतांचा तो हिशेब असतो. केंद्रावर मतदार किती, नोंदवहीत सह्या किती, सही करूनही मत न देता परतलेले किती, मते साठवणाऱ्या कंट्रोल युनिटचा क्रमांक कोणता आणि त्यावरचे 'टोटल'चे बटण दाबल्यावर दिसलेला आकडा किती, एवढेच त्यात लिहायचे असते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत, १३ मेच्या संध्याकाळी, बीड जिल्ह्यातील एका शाळेच्या खोलीत मी तो लिहीत बसले होते. सहा वाजता रांगेत उभ्या असलेल्यांना नियमाप्रमाणे शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटल्या होत्या, त्यामुळे शेवटचे मत पडेपर्यंत बराच उशीर झाला होता. 'क्लोज'चे बटण दाबले, आणि नोंदवहीतील शेवटचा अनुक्रमांक यंत्रातील आकड्यापेक्षा एकाने जास्त निघाला. क्षणभर पोटात गोळा आला. मग आठवले, की दुपारी एक बाई सही करून, बोटाला शाई लावून घेऊन, बाहेर रडणाऱ्या लेकराकडे धावत गेल्या होत्या आणि पुन्हा आत आल्याच नव्हत्या. नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात मी ते तेव्हाच लिहून ठेवले होते. हिशेब जुळला.

या कागदाची प्रत हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीला सही घेऊन द्यायची असते. सकाळी अभिरूप मतदानाच्या, म्हणजे यंत्र तपासण्यासाठी घेतलेल्या चाचणी मतदानाच्या वेळी पाच प्रतिनिधी होते, संध्याकाळी दोन उरले होते, आणि त्यातला एक मोटारसायकलला किल्ली लावून निघाला होता. "बाई, कागद घेऊन काय करायचा, लीड आम्हालाच आहे," असे तो म्हणाला. मी त्याला परत बोलावले, बाकावर बसवले आणि प्रत हातात दिली. त्या रात्री साहित्य जमा करण्याच्या रांगेत उभी असताना माझ्या मनात सारखे येत होते, की मतदान यंत्रावर टीव्हीवर तासन्‌तास वाद घालणारे पक्ष त्या यंत्राच्या आकड्याचा एकमेव स्वतंत्र पुरावा शाळेच्या बाकावर सोडून चालले आहेत.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते, आणि आतापर्यंत सहा निवडणुकांत काम केले आहे. यंत्रे हॅक होतात असे छातीठोकपणे सांगणारे आणि यंत्रावर शंका घेणे हाच देशद्रोह मानणारे, या दोघांशीही माझे पटत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की निवडणूक जिंकणाऱ्याला नेहमीच पटते. ती हरणाऱ्याला पटली पाहिजे, आणि तेही कोणा तज्ज्ञाच्या शब्दावर विसंबून राहावे न लागता, स्वतःच्या डोळ्यांनी व हातातल्या कागदावरून. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी तेथील २००५ च्या निवडणुकीत वापरलेली मतदान यंत्रे घटनाबाह्य ठरवली, ती त्यांत घोटाळा सापडला म्हणून नव्हे. मतदानाचे आणि मोजणीचे मुख्य टप्पे सामान्य नागरिकाला विशेष ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत, हे तत्त्व त्या न्यायालयाने मांडले. आपण यंत्रे टाकून द्यावीत असे मला वाटत नाही, पण हे तत्त्व मात्र आपण जसेच्या तसे घ्यावे.

आकडा चुकण्यासाठी यंत्र बिघडावेच लागते असे नाही. हरियाणातील पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू नावाचे गाव आहे. तेथील सरपंचपदाची निवडणूक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली आणि एका उमेदवाराला विजयी घोषित करण्यात आले. एका केंद्रावरील मतांचे आकडे लिहिताना दोन उमेदवारांची अदलाबदल झाली, असे दुसऱ्याचे म्हणणे होते. प्रकरण निवडणूक न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालय असे फिरत सर्वोच्च न्यायालयात पोहोचले, यंत्रे दिल्लीला मागवण्यात आली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाच्या निबंधकांसमोर झालेल्या फेरमोजणीत हरलेला उमेदवार ५१ मतांनी जिंकलेला निघाला. यंत्राने मते बरोबर ठेवली होती, माणसाने ती चुकीची लिहिली होती, आणि न्याय मिळायला पावणेतीन वर्षे गेली. तो न्याय तरी का मिळाला, तर यंत्रातील मते शिल्लक होती आणि त्या माणसाने चिकाटी सोडली नाही म्हणून. पाच वर्षांच्या कारभारातली निम्म्याहून अधिक वर्षे मात्र कोणी परत देऊ शकत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना फुकटात होण्यासारखी आहे. प्रत्येक केंद्राचा सतरा सी मतदानाच्या रात्रीच साहित्य जमा करण्याच्या ठिकाणी स्कॅन करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत संकेतस्थळावर टाकावा. महाराष्ट्राच्या २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत संध्याकाळी पाच वाजताची मतदानाची टक्केवारी ५८.२२ सांगितली गेली आणि अंतिम टक्केवारी ६६.०५ झाली, या फरकावरून जे वादळ उठले, ते अजून शमलेले नाही. मी केंद्रावर बसलेली असल्याने मला यातले बरेचसे समजते. दर दोन तासांचा आकडा घाईत, फोनवर, अंदाजाने दिला जात असे, आणि गावाकडे संध्याकाळची रांग मोठी असते. आता हे आकडे केंद्राध्यक्षाने स्वतःच ॲपवर भरायचे, अशी व्यवस्था निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केली, ती चांगलीच आहे. पण खरी गोष्ट अशी, की त्या रात्री राज्यातील एक लाखाहून अधिक केंद्रांवर प्रत्येकी एक अचूक, सही-शिक्क्याचा आकडा कागदावर लिहिलेला होता. तो लोकांसमोर ठेवला असता तर शंका घेणाऱ्याने आपल्या गावाचा आकडा पाहिला असता, आपल्या प्रतिनिधीच्या प्रतीशी ताडला असता आणि विषय तिथेच संपला असता, किंवा नेमकी कुठे गडबड आहे ते तरी बोट ठेवून दाखवता आले असते. हातात असलेले उत्तर न दाखवणे हे मला कधीच समजलेले नाही. निकालानंतरही तेच: मोजणीच्या टेबलावर सतरा सीचा दुसरा भाग भरला जातो, त्यात त्या यंत्रातील उमेदवारनिहाय मते असतात. तोही तसाच टाकावा, म्हणजे बुआना लाखूसारखी अदलाबदल गावातील पारावर बसलेला माणूससुद्धा तासाभरात पकडेल.

दुसरा विषय व्हीव्हीपॅटचा, म्हणजे दिलेल्या मताची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राचा, आणि इथे मला जरा थांबायचे आहे, कारण हा माझ्या विषयातला प्रश्न आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदी पुरावा ही निष्पक्ष निवडणुकीची अनिवार्य गरज असल्याचे म्हटले, आणि त्याच वर्षी नागालँडमधील नोकसेनच्या पोटनिवडणुकीत ही यंत्रे पहिल्यांदा वापरली गेली. मतदाराला काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि ती खाली पेटीत पडते. ८ एप्रिल २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडल्या जातात. त्याआधी फक्त एका केंद्राच्या मोजल्या जात. पाच पुरेत का?

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि नमुना तपासणीचे सगळे शास्त्र त्या एका म्हणीत आहे. पण शीत ज्या पातेल्यातले, त्याच पातेल्याबद्दल ते सांगते. आपल्या पातेल्यातले शीत दाबून शेजारणीचा भात शिजला की नाही ते कोणाला सांगता येणार नाही. २०१९ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अहवालाच्या आधारे देशभरातील ४७९ यंत्रे तपासली तरी पुरे आहे असे सांगण्यात आले, ते सगळा देश एकच पातेले मानून. खासदार किंवा आमदार मात्र आपापल्या मतदारसंघात निवडून येतो, त्यामुळे प्रत्येक मतदारसंघ हे वेगळे पातेले आहे. एका विधानसभा मतदारसंघात ३०० केंद्रे आहेत आणि त्यातल्या तिनांत गडबड आहे असे समजा. चिठ्ठ्या टाकून पाच केंद्रे निवडली, तर त्या तिघांपैकी एखादे हाती लागण्याची शक्यता शंभरात पाचच्या आसपास येते, म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव वेळा गडबड सुटून जाईल. मग हे भयंकर आहे का? मताधिक्य ३० हजारांचे असेल तर मुळीच नाही, कारण तीन केंद्रांनी तो निकाल बदलत नाही. प्रत्येक सदोष केंद्रावर दोनशे मते इकडची तिकडे झाली, तर एका केंद्रामागे चारशेचा फरक पडतो, आणि तो निकाल उलटायला किमान ७५ केंद्रे सदोष असावी लागतील. इतकी केंद्रे खराब असताना पाचांच्या तपासणीत एक तरी सापडण्याची शक्यता ७६ टक्क्यांच्या आसपास असते, दहा तपासली तर ९४ टक्क्यांवर जाते, आणि वीस तपासली तर ९९ टक्क्यांच्याही पुढे.

आता उलट बाजू पाहा. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला, मालेगाव मध्यचा १६२ आणि साकोलीचा २०८ मतांनी. अशा ठिकाणी एका केंद्रावरील एक चूक पुरेशी आहे, आणि पाच केंद्रांच्या तपासणीने हरलेल्याचे समाधान होणे गणिताच्या दृष्टीने अशक्य आहे. त्यामुळे किती केंद्रे मोजायची हा आकडा मताधिक्यावर ठरला पाहिजे: मोठ्या फरकाने लागलेल्या निकालात वीस-पंचवीस, फरक कमी होत जाईल तशी अधिक, आणि अगदी अटीतटीच्या निकालात सगळ्याच्या सगळ्या. अमेरिकेतील कोलोराडो राज्याने २०१७ पासून याच तत्त्वावर राज्यभर तपासणी सुरू केली. आपल्या आयोगालाही हे तत्त्व परके नाही. अभिरूप मतदानाची मते पुसायची राहून गेलेली किंवा सतरा सीशी आकडा न जुळणारी यंत्रे मोजणीच्या दिवशी बाजूला ठेवली जातात, आणि मताधिक्य त्या यंत्रांतील एकूण मतांपेक्षा कमी असेल तर त्यांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. तोच विचार थोडा पुढे न्यायचा आहे. सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली, पण चिठ्ठीवर बारकोड छापून त्या यंत्राने मोजता येतील का, ही सूचना तपासून पाहण्यासही सांगितले. त्याच निकालाने चिन्हे भरण्याची उपकरणे मोहोरबंद करून निकालानंतर ४५ दिवस जपून ठेवण्याचा आदेश दिला, तो फार महत्त्वाचा होता, कारण कोणत्या बटणापुढे कोणता उमेदवार हे व्हीव्हीपॅटला त्याच उपकरणातून कळते.

मतपत्रिका परत आणा, असे अनेक जण म्हणतात. डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी स्वतःच मतपत्रिका छापून पुन्हा मतदान घेण्याची तयारी केली आणि प्रशासनाने ती थांबवली. कायद्याने ते मतदान होऊ शकत नव्हते हे खरे, पण एखाद्या गावाला आपल्या मताचा ताळा पाहण्याची इतकी आस लागावी, याकडे नुसते कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून पाहणे मला योग्य वाटले नाही. तरीही मतपत्रिका हा त्यावरचा इलाज नाही. त्याच वर्षी ३० जानेवारीला चंडीगडच्या महापौरपदाची निवडणूक मतपत्रिकांवरच झाली होती, मतदार होते अवघे ३६, आणि पीठासीन अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने खुणा करून आठ मते बाद केली. सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारीला तो निकाल फिरवला, कारण कॅमेऱ्याने ते टिपले होते आणि त्या आठही मतपत्रिका हातात घेऊन पाहता येत होत्या. कागद असावा, त्यावर नजर असावी आणि दोन्ही जपून ठेवलेले असावे, एवढी तिन्ही पथ्ये पाळली गेली तेव्हाच ती चोरी पकडली गेली.

डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक संचालन नियमांतील नियम ९३ बदलून केंद्रावरील चित्रीकरण सर्वसामान्यांच्या पाहणीतून वगळले गेले, आणि पुढच्या वर्षी ते ४५ दिवसांनंतर नष्ट करण्याची मुभा देणाऱ्या सूचना निघाल्या, याचे मला म्हणूनच वाईट वाटते. मतदार स्त्रियांचे चित्रण कोणीही पाहू नये, हा मुद्दा मी एक स्त्री म्हणून समजू शकते. पण उमेदवाराने निवडणूक याचिका करायची मुदतही ४५ दिवसांचीच आहे, आणि याचिका करावी की नाही हे ठरवायला त्याला आधी काहीतरी पाहायला मिळाले पाहिजे. किमान त्याला, निवडणूक अधिकाऱ्यासमोर बसून, ते पाहू द्यावे. महानगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुकांत आपल्या राज्यात व्हीव्हीपॅट नसते, याबद्दलही इथे एवढेच म्हणते, की जिथे निकाल सर्वांत कमी फरकाने लागतात तिथेच कागद नसावा हे उलटे आहे.

आता मतदार यादी. यंत्रावर जेवढी चर्चा होते तिच्या दहाव्या हिश्श्यानेही यादीवर होत नाही, आणि माझ्या अनुभवात माणसाचे मत जाते ते बहुतेक वेळा इथेच.

त्याच १३ मेला, साडेदहाच्या सुमारास, चाळिशीची एक बाई मतदार ओळखपत्र पदराच्या गाठीतून सोडवत माझ्यासमोर आली. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने यादी दोनदा चाळली. तिच्या नावावर वगळल्याचा शिक्का होता, कारण 'स्थलांतरित'. ती ऊसतोड कामगार. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि दिवाळीच्या पुढेमागे टोळीबरोबर कर्नाटकात. गुढीपाडव्याच्या सुमारास परत. यादीची वार्षिक उजळणी ऑक्टोबर ते जानेवारी या काळात होते, म्हणजे नेमकी ती फडावर असताना. कोणीतरी घरी गेले असेल, दाराला कुलूप पाहिले असेल, शेजारच्याने सांगितले असेल, आणि नाव गेले. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० चे कलम २० स्पष्ट सांगते, की तात्पुरते बाहेर गेल्याने माणसाचे मूळ गावचे रहिवासीपण संपत नाही. नाव वगळण्यापूर्वी म्हणणे मांडायची संधी द्यावी, असेही नियम सांगतात. पण मतदानाच्या दिवशी यादीत नाव नसलेल्याला केंद्राध्यक्ष काहीही देऊ शकत नाही. दुसऱ्याने तिच्या नावावर मत टाकले असते तर प्रदत्त मताची, म्हणजे वेगळ्या मतपत्रिकेवर मत देण्याची, सोय होती. नावच नाही म्हटल्यावर तीही नाही. तिने भांडण केले नाही. ओळखपत्र पुन्हा गाठीत बांधले आणि विचारले, "मग हे कशाला दिलं होतं?"

२०२५ मध्ये बिहारच्या विशेष उजळणीत प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गेली, आणि १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी नावे कारणांसह, शोधता येतील अशा रीतीने प्रसिद्ध करायला लावली. आदेशाची वाट न पाहता ही पद्धत सगळीकडे कायमची व्हायला हवी. महाराष्ट्रात तर त्यासाठी वेगळी यंत्रणाही उभारायला नको. १५ ऑगस्टला गावोगाव ग्रामसभा भरते आणि तेव्हा ऊसतोड कामगार गावात असतात. त्या सभेत, चावडीवर, वगळायच्या प्रत्येक नावाचे कारणासह वाचन व्हावे, नंतर वगळणी करावी, आणि त्यानंतर हंगाम संपेपर्यंत 'स्थलांतरित' या कारणाने एकही नाव काढू नये. दुबार नावांनाही हाच उपाय लागू पडतो. लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीतून कमी झाले नाही आणि सासरच्या यादीत चढले, हे संगणकापेक्षा गावाला लवकर कळते. राज्य निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये संशयित दुबार नावांपुढे दोन तारे लावून केंद्रावर हमीपत्र घ्यायची पद्धत आणली. त्यापेक्षा ती यादी आधीच वाचली गेली असती, तर मतदानाच्या दिवशी कोणालाही संशयित म्हणून उभे राहावे लागले नसते.

त्या बाईचा नमुना ६, म्हणजे नाव नोंदवण्याचा अर्ज, मी जूनमध्ये तिच्या वस्तीवर जाऊन भरून घेतला. विधानसभेच्या यादीत तिचे नाव आले, नवा अनुक्रमांक मिळाला. त्या वर्षी राज्यातील ऊस गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होणार होता आणि मतदान २० नोव्हेंबरला होते. टोळ्या त्याआधीच गाड्यांत बसल्या होत्या. पाच महिन्यांपूर्वी भरलेल्या त्या नावापुढची सहीची जागा कोरीच राहिली.